मुलीचा प्रश्न, सासूबाईंचा नकार आणि प्राणिसंग्रहालयाची सहल : ठाण्याहून कुठे जावे?

पाचपाखाडीची_आई

नमस्कार मंडळी. जानेवारीतल्या एखाद्या दिवशी घरातल्या पाचही माणसांनी मिळून प्राणिसंग्रहालय पाहायला जावे, असे आमच्या मनात आहे. आम्ही दोघे, ९ वर्षांची मुलगी, ४ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई, अशी ही मंडळी आहेत. आमच्याकडे स्वतःची गाडी नाही आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात.

केवळ मार्ग आणि वेळ विचारायची असती तर धागा काढला नसता. गेल्या उन्हाळ्यात परगावी एका लहानशा प्राणिसंग्रहालयात आम्ही गेलो होतो. तिथे एक बिबट्या गजांच्या कडेने सारखा येरझाऱ्या घालत होता. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जायचे, तिथे मान एकाच ढंगाने वळवायची आणि परत फिरायचे, असे त्याचे अखंड चालले होते. लोक शिट्या मारत होते, काही जण शेंगदाणे फेकत होते. मुलीने माझा हात ओढून विचारले, "आई, याने काय केलं म्हणून याला कोंडलंय?" मला उत्तर देता आले नाही, आणि ते अजूनही सुचलेले नाही. आता तिने कुठेतरी वाचले आहे की काही प्राणिसंग्रहालये प्राण्यांना नामशेष होण्यापासून वाचवतात, आणि असे ठिकाण तिला पाहायचे आहे.

सासूबाई मात्र यायला तयार नाहीत. त्यांचे बालपण साताऱ्याकडच्या एका खेड्यात गेले. तिथे दरवेशी अस्वल घेऊन यायचा, त्याच्या नाकातून दोरी ओवलेली असायची आणि मुलांना दृष्ट लागू नये, भीती वाटू नये म्हणून लोक पैसे देऊन अस्वलाचे केस ताइतात घालायला घ्यायचे. सासूबाईंच्या गळ्यातही असा ताईत होता. "बांधलेलं जनावर बघायला मी तिकीट काढून येणार नाही," असे त्या म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही.

तर ठाण्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे आणि मुलीच्या प्रश्नाला काही खरे उत्तर देणारे ठिकाण कोणते?

वाघबीळचा_बाबा

ताई, आधी अंतराचा हिशेब मांडतो, म्हणजे निवड आपोआप सोपी होईल. पुण्याच्या कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय मोठे आहे. सुमारे १३० एकरांचा परिसर, त्यात तलाव आणि भरपूर झाडी आहे. १९८६ साली तिथे सर्पोद्यान सुरू झाले आणि पुढे १९९९ मध्ये त्याचे पूर्ण प्राणिसंग्रहालय झाले. आम्ही मुलांना घेऊन तिथे एकदा गेलो होतो. पण ठाण्याहून निघून पुणे ओलांडून कात्रजला पोचेपर्यंत मुलांचा निम्मा उत्साह प्रवासातच संपला. पुण्यात नातेवाईक असतील आणि मुक्काम होणार असेल तरच तो बेत करावा.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बसमधून वाघ-सिंहांची सफारी आहे. ठाणेकरांचा एक गैरसमज मात्र नेहमी होतो. येऊरचे प्रवेशद्वार याच उद्यानाचे असले, तरी तिथून सफारीला जाता येत नाही. घोडबंदर रस्त्याने वळसा घालून बोरिवलीच्या मुख्य प्रवेशद्वाराशीच जावे लागते. उद्यान सोमवारी बंद असते.

तुमच्यासाठी मला भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, योग्य वाटते. ठाण्याहून धिमी लोकल धरली की तासाभरात भायखळा, आणि पूर्वेला उतरून थोडे चालले की बाग. सासूबाईंना तेवढे चालणेही जड जात असेल तर स्थानकाबाहेरून टॅक्सी करावी. बाग बुधवारी बंद असते. रविवारी आणि शाळांच्या सुट्टीत तिथे इतकी गर्दी होते की चार वर्षांच्या मुलाला माणसांच्या पाठीच दिसतात. एक दिवस रजा काढा आणि मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी उघडण्याच्या वेळेलाच आत जा.

खाडीकाठ_ऐरोली

माझे मत थोडे निराळे आहे. मुलीला कोंडलेला प्राणी पाहून वाईट वाटले असेल, तर तिला आधी मोकळा प्राणी दाखवा. तोही आपल्या दारातच आहे. ठाणे खाडीतला फ्लेमिंगो अभयारण्याचा पट्टा २०१५ साली घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने खाडीत जाता येते. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आधी चौकशी करून नाव नोंदवावे लागते. नोव्हेंबरपासून पक्षी येऊ लागतात, तरी जानेवारीच्या अखेरीपासून पुढे मोठे थवे पाहण्याचा आनंद वेगळाच असतो. चिखलातले शेवाळ चोचीने गाळून खाणारा धाकटा रोहित, म्हणजे लहान जातीचा फ्लेमिंगो, त्याच शेवाळातल्या रंगद्रव्यामुळे गुलाबी होतो, हे मुलांना समोर दाखवता येते.

मुक्तछंद

मी स्पष्टच लिहितो. प्राणिसंग्रहालय कितीही सुधारले तरी तो तुरुंगच असतो. तुमच्या सासूबाई बरोबर बोलत आहेत. "संवर्धन" हा शब्द पाटीवर लिहिला की गज नाहीसे होत नाहीत. मुलीला तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे असेल तर सांगा की त्या बिबट्याने काहीही केलेले नव्हते, दोष आपला आहे. मग सहल खाडीवर न्या.

नेरुळचे_पशुवैद्य

मी पशुसंवर्धन विभागातून निवृत्त झालो आहे. रायगड जिल्ह्यात बरीच वर्षे नोकरी केली. वरचे सर्व लेखन लक्षपूर्वक वाचले. मुक्तछंद यांच्या म्हणण्यातील वेदना मला मान्य आहे, निष्कर्ष मात्र नाही, आणि का नाही हे सांगण्यासाठी मला माझ्या हातून घडलेली एक गोष्ट लिहावी लागेल.

१९९० च्या दशकात सुजलेल्या सांध्यांच्या, ताप आलेल्या गुरांना आम्ही डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन देत असू. औषध स्वस्त होते, गुण लवकर यायचा आणि शेतकरी दुवा द्यायचा. त्यातले काही जनावर पुढे मेले तर गावाबाहेर टाकले जाई आणि गिधाडे ते फस्त करीत. त्या मांसातून गेलेल्या अंशाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली संशोधनातून सिद्ध झाले, आणि २००६ मध्ये आपल्याकडे हे औषध जनावरांसाठी वापरण्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे देशात हजारात एक या प्रमाणात उरली होती. ज्या माळांवर मी चाळीस-पन्नास गिधाडे एकत्र पाहिली होती, तिथे नंतर एकही दिसले नाही. त्यात माझ्या हातचीही इंजेक्शने होती, हे मी विसरू शकत नाही.

बंदी आली म्हणून पक्षी लगेच वाढत नाहीत. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. अशा वेळी हरियाणातील पिंजोर येथे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने आणि तेथील वनविभागाने मिळून गिधाडे पिंजऱ्यात राखली आणि वाढवली. २०२४ च्या आरंभी पिंजोरची काही गिधाडे आपल्या ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली आणि पुढे मोकळी सोडली गेली. सोडलेल्यांपैकी काही मेली, ही वस्तुस्थिती आहे. पण ते पिंजरे नसते तर सोडायला एकही पक्षी शिल्लक नसता.

दुसरे उदाहरण बोरिवलीचे. आशियाई सिंह जगात फक्त गुजरातमध्ये, गीर आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात मोकळा राहतो. २०२५ च्या गणनेत त्यांची संख्या ८९१ भरली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु सगळे सिंह एकाच भागात असल्यामुळे एखादी साथ आली तर काय होईल, याची चुणूक २०१८ मध्ये मिळाली. कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर या विषाणूने त्या वेळी गीरमध्ये थोड्याच दिवसांत कितीतरी सिंह दगावले. म्हणून जुनागढच्या सक्करबागेसारख्या ठिकाणी सिंहांची वंशावळ लिहून ठेवून त्यांची पैदास केली जाते, जवळच्या नात्यातील नर-मादीची जोडी लावली जात नाही आणि त्यासाठी प्राण्यांची देवाणघेवाणही होते. २०२२ मध्ये बोरिवलीहून वाघांची एक जोडी गुजरातला गेली आणि तिकडून सिंहांची जोडी इथे आली. बसच्या खिडकीतून सिंह पाहताना मुलीला सांगावे की हा घराण्याचा राखीव वंश आहे, जसे शेतकरी पुढच्या पेरणीचे बियाणे वेगळे बांधून ठेवतो तसे.

आता तुम्ही पाहिलेल्या बिबट्याबद्दल. एकाच वाटेने, एकाच लयीत, तासन्‌तास घातलेल्या येरझाऱ्या हे कंटाळलेल्या आणि ताणाखाली असलेल्या प्राण्याचे लक्षण आहे. मुलीने जे पाहिले ते बरोबर पाहिले. चांगल्या ठिकाणी यावर उपाय करतात. अन्न एका जागी न देता लपवून ठेवतात, ओंडके आणि मचाणे बदलतात, नवे वास आणून ठेवतात आणि मुख्य म्हणजे लोकांच्या नजरेआड जाता येईल असा आडोसा देतात. म्हणून पिंजऱ्यापुढे गेल्यावर प्राणी दिसला नाही तर चडफडू नये. ज्या प्राण्याला तुमच्यापासून लपता येते, त्याची तिथे काळजी घेतली जाते असे समजावे.

कायद्याविषयीही थोडे लिहितो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुधारणा झाल्यावर १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्याची मान्यता असल्याशिवाय कुणालाही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. १९९८ च्या राष्ट्रीय धोरणाने करमणूक नव्हे तर संवर्धन हे मुख्य उद्दिष्ट ठरवले. आठवड्यातून एक दिवस दार बंद ठेवणे हा नियमच आहे. प्राण्याला डिवचणे, खायला घालणे, आवाज करून त्रास देणे हा गुन्हा आहे. ते शेंगदाणे फेकणारे लोक गुन्हा करत होते, हे मुलीला जरूर सांगा. ज्या जागी प्राणी मांडीवर घेऊन फोटो काढू देतात, तिथे मात्र पाऊलही ठेवू नये.

मुक्तछंद

डॉक्टरकाका, गिधाडांविषयी तुम्ही जे लिहिले ते वाचून मी थांबलो. पिंजोर आणि सक्करबाग यांचे मला पटले. तरीही विचारतो, राणीच्या बागेतला पेंग्विन कोणत्या जंगलात सोडायचा आहे?

नेरुळचे_पशुवैद्य

कुठेही नाही, आणि तसे खोटे सांगूही नये. २०१६ साली सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले, त्यांतला एक त्याच वर्षी दगावला. आता त्यांची पिल्ले इथेच जन्मली आहेत. हा पेंग्विन बर्फातला नव्हे. तो पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर राहतो. तिथे त्याचे मुख्य खाद्य असलेले छोटे मासे माणसांनी अतोनात पकडले आणि समुद्रपक्ष्यांच्या ज्या विष्ठेच्या थरांत तो बिळे करतो ते थर खतासाठी खणून नेले, म्हणून तो संकटात आहे. मुंबईतील पेंग्विन त्याच्या सुटकेला प्रत्यक्ष उपयोगी पडणार नाही. ही गोष्ट तिथे उभे राहून मुलाला सांगितली तर त्याचे पाहणे वाया जात नाही, पण सहलीचा केंद्रबिंदू पेंग्विनच्या रांगेला करू नये असे माझेही मत आहे.

कळव्याच्या_बाई

मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि दर वर्षी मुलांना घेऊन अशा ठिकाणी जाते. पहिल्या काही वर्षांत मी एक चूक करीत होते. एका दिवसात सगळे दाखवण्याचा हट्ट धरायचे. मुले पिंजऱ्यामागून पिंजरे ओलांडत जात आणि परतल्यावर त्यांना आइस्क्रीम तेवढे आठवत असे. आता मी चारच प्राणी निवडते आणि प्रत्येकापाशी निदान वीस मिनिटे बसवते. वहीत चित्र काढायचे नाही, पाहिलेले लिहायचे. तो कोणत्या पायाने सुरुवात करतो, कान कधी हलवतो, जमीन हुंगतो की हवा? पहिली पाच मिनिटे मुले कुरकुरतात. सातव्या-आठव्या मिनिटाला काहीतरी घडते आणि मग त्यांना उठवावे लागते. ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न मोलाचा आहे. तिला उत्तर तयार करून देऊ नका, वही द्या.

चार वर्षांच्या मुलासाठी पक्ष्यांचे दालन उत्तम. तिथे आपण आत चालत जातो आणि पक्षी भोवताली उडत असतात. डबा पिंजऱ्यांजवळ मुळीच उघडू नका, प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा आणि मुलांना भडक आवाज करणारे बूट घालू नका. दुपारी एकनंतर थांबू नये, कारण त्या वेळी मोठे प्राणी झोपतात आणि माणसे चिडतात. वेळ उरला तर शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे, तो पाहावा.

बागेतली झाडेही पाहायला विसरू नका. ही बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली ती मुळात वनस्पती उद्यान म्हणून, आणि तिथे तीन हजारांहून अधिक झाडे आहेत. गोरखचिंचेचा बुंधा मुलांना हातांनी मोजायला लावा.

पाचपाखाडीची_आई

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरकाकांनी लिहिलेली गिधाडांची हकीकत मी जेवणानंतर मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी एवढेच विचारले, "तिथं अस्वल आहे का? त्याच्या नाकात दोरी नसेल ना?" मी सांगितले की १९७२ च्या कायद्यापासूनच अस्वल नाचवणे बेकायदा आहे, आणि राणीच्या बागेत अस्वल आहे. त्या म्हणाल्या, "मग बघू."

आम्ही गुरुवार ठरवला आहे. अस्वल, तरस, मगर आणि पक्ष्यांचे दालन, एवढेच पाहायचे. गुडघ्यांसाठी घडीचे लहान स्टूल बरोबर नेत आहोत. डॉक्टरकाका, अस्वलापाशी काय पाहावे ते सांगाल का?

नेरुळचे_पशुवैद्य

अवश्य. त्याचे ओठ पाहा. आपल्या अस्वलाला वरचे पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून तो वारुळातली वाळवी भात्यासारखी ओढून घेतो आणि त्या वेळी नाकपुड्या मिटू शकतो, म्हणजे माती आत जात नाही. नखे लांब असतात आणि ती मांजरासारखी आत घेता येत नाहीत. मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते. पाठीवरचे ते लांब राठ केस पिल्लांना धरता यावेत म्हणूनच उपयोगी पडतात. तुमच्या सासूबाईंना हे आवर्जून सांगा.

पाचपाखाडीची_आई

काल जाऊन आलो. दार उघडताच आत गेलो, त्यामुळे पहिला तासभर बाग जवळजवळ मोकळी होती.

अस्वलापाशी सुरुवातीला काहीच दिसले नाही. धाकटा कंटाळला, त्याला त्याचे बाबा पक्ष्यांकडे घेऊन गेले. सासूबाई स्टुलावर बसून राहिल्या आणि मुलगी वही घेऊन त्यांच्याशेजारी. मुलीने लिहिले आहे, "९ वाजून ५५ मिनिटे. दिसत नाही. काका म्हणाले होते की लपता येणं चांगलं असतं." त्यानंतर अस्वल ओंडक्यामागून आले, खाली मान घालून माती हुंगत चालू लागले आणि एका जागी थांबून पुढच्या पायांनी खणू लागले. सासूबाई काचेच्या अगदी जवळ गेल्या. त्या त्याच्या नाकाकडे पाहत होत्या. बऱ्याच वेळाने माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भोक नाही गं." मग मुलीला त्यांनी ताइताची गोष्ट सांगितली, जी तिने पूर्वी कधी ऐकली नव्हती. ते पाठीवरचे केस पिल्लांसाठी असतात हेही सांगितले, आणि आपण ते गळ्यात बांधून हिंडत होतो असे म्हणताना त्यांचा आवाज बदलला. आम्ही तिथे पाऊण तास होतो.

मगरीपाशी मुलीने दुसराच प्रश्न विचारला, तो इथे मांडते. परगावच्या त्या बिबट्याला चांगल्या जागी हलवता येणार नाही का, आणि त्यासाठी पत्र कुणाला लिहायचे? घरी आल्यावर तिने केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाला पत्र लिहायला घेतले आहे. येरझाऱ्या, शेंगदाणे आणि आडोसा नसणे, हे तिन्ही मुद्दे त्यात तिचे तिने लिहिले आहेत. मी फक्त ऱ्हस्वदीर्घ तपासले.

आमचे दोन अनुभव पुढे जाणाऱ्यांसाठी नोंदवते. घडीच्या स्टुलाशिवाय वयस्कर माणसांना नेऊ नये. आणि चार प्राणीसुद्धा लहान मुलाला जास्त होतात, आमच्या धाकट्याला दोनच पुरले.

खाडीकाठ, आता फेब्रुवारीत तुमच्याकडे यायचे सासूबाईंनीच ठरवले आहे. बोटीत चढताना पायऱ्या किती उंच असतात, आणि चार वर्षांच्या मुलाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट तिथे मिळते का, एवढे कळवाल का?

खाडीकाठ_ऐरोली

ताई, उद्या सकाळी मी केंद्रावर जाणारच आहे. पायऱ्या आणि जाकीट दोन्ही स्वतः पाहून, भरतीच्या वेळा विचारून इथेच लिहितो. आजींसाठी स्टूल मात्र बरोबर असू द्या, धक्क्यावर बोटीची वाट पाहावी लागते.